गादी घ्यायला निघण्याआधी

आईची कंबर दुखायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच निदान केलं: गादी मऊ पडली आहे, कडक घ्यायला हवी. दुकानात 'ऑर्थो' लिहिलेली, फळीसारखी टणक गादी दाखवली गेली आणि आम्ही ती घेऊन आलो. दुसऱ्या महिन्यात आईचा खांदा आणि खुबा दुखायला लागला. ती आयुष्यभर कुशीवर झोपत आली आहे, आणि त्या गादीत खांद्याला रुतायला जागाच नव्हती. शेवटी ती पुन्हा जमिनीवर, जुन्या कापसाच्या गादीवर झोपू लागली. त्यानंतरची गादी घेताना मी जे विचारलं, मोजलं आणि तपासलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पाच-दहा वर्षं रोज सात-आठ तास जिच्यावर अंग टाकायचं, ती वस्तू घाईत घेऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं.

आधी जुनी गादी तपासा

चादर काढा. गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि मधोमध दोरीखाली किती फट राहते ते पट्टीने मोजा. इंचभर किंवा त्याहून खोल खड्डा असेल तर त्या गादीचा आधार संपला आहे. सकाळी पाठ आखडलेली असते आणि तासाभरात मोकळी होते, किंवा दुसऱ्यांकडे मुक्कामाला गेलात की झोप चांगली लागते, ह्याही खुणा बोलक्या आहेत.

पण दोष गादीचा की पलंगाचा, हे वेगळं तपासावं लागतं. तीच गादी तीन रात्री जमिनीवर टाकून झोपा. फरक पडला तर पलंगातला प्लाय वाकला आहे असं समजा. तयार मिळणाऱ्या पलंगांत बऱ्याचदा पातळ प्लाय असतो आणि तो मधोमध बसतो. सुताराला बोलावून खालून आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या की काम होतं. वाकलेल्या प्लायवर नवी गादी टाकली, तर तीही वर्षभरात तोच आकार घेईल. आणि दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

माप: पलंगाचं, माणसाचं आणि जिन्याचं

'सहा बाय पाच' हे तोंडी सांगायला सोपं, पण दुकानात ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तीन लांब्या असतात. रुंदी सिंगलला ३६ इंच, लहान डबलला ४८, क्वीनला ६० आणि किंगला ७२. पलंगाचं माप घेताना बाहेरची चौकट मोजू नका. गादी जिथे बसते तिथलं आतलं माप घ्या, तेही दोन-तीन ठिकाणी. सुताराने घरी बनवलेला पलंग डोक्याकडे आणि पायाकडे पाव-अर्धा इंच वेगळा निघू शकतो. सर्वांत लहान आलेलं माप धरा.

लांबी ठरवताना घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या उंचीत सहा इंच मिळवा. ७२ इंच म्हणजे १८३ सेंटिमीटर. पाच फूट दहा इंचाच्या माणसाला ती उशी धरून अपुरी पडते. त्याने ७८चाच विचार करावा.

जाडीकडे फारसं कुणी बघत नाही, पण वयस्क माणसांसाठी तिचा फार फरक पडतो. पलंगाच्या कडेला बसल्यावर पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात यायला हवेत. अठरा इंची पलंगावर दहा इंची गादी टाकली तर बुटक्या आजीला रात्री उठताना प्रत्येक वेळी खाली उडी मारल्यासारखं उतरावं लागेल. हायड्रॉलिक पलंग असेल तर गादीचं वजन पंपाला झेपतं का, हेही पलंगवाल्याला विचारा.

शेवटचं माप जिन्याचं आणि लिफ्टचं. फोमची गादी वळते, गुंडाळता येते. किंग मापाची स्प्रिंगची गादी मात्र वाकवता येत नाही. जुन्या इमारतीचा अरुंद जिना आणि त्याची वळणं पाहून, शंका असेल तर ३६ इंची दोन सिंगल गाद्या घेऊन जोडून टाका. मधल्या सांध्यावर पातळ पॅड घातला की जाणवत नाही, आणि दोघांना दोन वेगळ्या प्रकारच्या गाद्या घेता येतात हा मोठाच फायदा.

कोण झोपणार आणि कसं

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. 'पाठीला कडक गादी चांगली' हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की कुणी पुन्हा विचारही करत नाही. २००३ साली 'द लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली गेली, कुणाला कोणती ते न सांगता. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं आणि त्यामुळे होणारी अडचण जास्त कमी झालेली आढळली. म्हणजे फळीसारखी गादी हे कंबरदुखीचं सरसकट उत्तर नाही.

कारण समजायला सोपं आहे. कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा हे दोन उंचवटे गादीत थोडे रुतले पाहिजेत, तरच मधला कणा सरळ राहतो. गादी टणक असेल तर ते रुतत नाहीत, कंबर अधांतरी राहते आणि सगळा भार त्या दोन हाडांवर येतो. गादी फार मऊ असेल तर खुबा खोल जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. उताणं झोपणाऱ्याला मध्यम कडक गादी मानवते. पालथं झोपणाऱ्याला थोडी कडक हवी, नाहीतर पोट खाली जाऊन कंबरेला बाक येतो.

वजनाचाही हिशेब असतो. पंचेचाळीस किलोच्या मुलीला जी गादी कडक वाटते, तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ वाटते, कारण तो तिच्यात जास्त रुततो. म्हणून शेजाऱ्यांनी घेतली आणि त्यांना आवडली, ह्यावरून आपली गादी ठरत नाही. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल तर वर सांगितलेल्या जोडगाद्यांचा विचार खरंच करावा.

तान्ह्या बाळासाठी वेगळा नियम आहे: घट्ट आणि सपाट पृष्ठभाग, मऊ उशा-लोड आजूबाजूला नकोत. मेमरी फोमसारख्या रुतणाऱ्या गादीवर बाळाला झोपवू नये.

'ऑर्थोपेडिक' हा शब्द दिसला की त्याला वैद्यकीय दर्जा समजू नका. तो विक्रीसाठी लावलेला शब्द आहे. त्याखाली रिबाँडेड (तुकडे चिकटवून दाबलेल्या) फोमची कडक गादीही विकली जाते आणि मेमरी फोमची मऊही.

तुमच्या गावची हवा

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात आणि मुंबई-रत्नागिरीच्या जुलैमध्ये एकच गादी सारखी वागत नाही. फोममध्ये हवा कमी खेळते, त्यामुळे अंगाची उष्णता अडकते. मेमरी फोममध्ये हे जास्तच. १९६६मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांवर काम करताना हा फोम तयार झाला. अंगाच्या उबेने तो मऊ पडतो आणि शरीराचा आकार घेतो. एसीच्या खोलीत हा गुण चांगला, पण पंख्याखाली झोपणाऱ्या घरात उन्हाळ्यात तो त्रासाचा होतो. जिथे एसी नाही तिथे काथ्या, स्प्रिंग, छिद्रांचं लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) किंवा कापूस हे जास्त सुखाचे.

कोकणात आणि मुंबईत अडचण दमटपणाची. बॉक्सच्या पलंगात खालून हवा येत नाही. रात्रभराचा घाम आणि ओल गादीच्या तळाला साठते आणि पावसाळ्यात तिथे बुरशीचे काळे ठिपके येतात. सुताराकडून प्लायला इंचभर व्यासाची दहा-बारा भोकं पाडून घ्या आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंखा लावा. खर्च फारसा नाही आणि फरक मोठा. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर फोम त्या फटीत उतरतो.

आत काय आहे

कापसाची गादी आधी, कारण ती आपली आहे आणि तिच्याविषयी आता कुणी नीट सांगत नाही. गावोगावच्या 'गादी कारखाना' पाट्या अजून आहेत. धनुकली घेऊन दारावर येणारा पिंजारी आता क्वचित दिसतो, पिंजण मशीनवर होतं, पण टाके अजून दाभणाने हातानेच पडतात. कापसाच्या गादीत हवा खेळते, घाम टिपला जातो, उन्हात टाकली की ती पुन्हा फुलते. दोष एवढाच की कापूस दबतो, गोळे होतात आणि काही वर्षांनी तो पुन्हा पिंजून भरावा लागतो. ज्यांच्याकडे गादी उचलून गच्चीत नेणारे हात नाहीत त्यांना ती जड पडते. भरून घ्यायची असेल तर समोर उभं राहून घ्या. रुई पांढरी, लांब तंतूची आहे का बघा. सरकीचे तुकडे, धूळ, चिंध्यांचा रंगीत धागा दिसला तर नको म्हणा. वजन भरण्याआधी डोळ्यांसमोर करून घ्या. खोळीचं कापड घट्ट विणीचं हवं, आणि टाके सारख्या अंतरावर व पुरेसे हवेत. टाके विरळ असले की कापूस सरकतो.

काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून दाबलेले थर. कडक, हवेशीर, खिशाला परवडणारी. पण ओली झाली की खराब होते, आणि काही वर्षांत मधोमध बसते. निव्वळ काथ्याची बहुतेकांना टणक वाटेल. वर एक-दोन इंच लॅटेक्स किंवा चांगला फोम असलेली घ्यावी.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोम सर्वांत जास्त विकला जातो आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. इथे 'डेन्सिटी' हा शब्द कळून घ्यायला हवा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. ती टिकाऊपणाशी जोडलेली आहे. गादी मऊ की कडक हे त्यावरून ठरत नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो आणि २३चा कडकही. कमी डेन्सिटीचा कडक फोम दुकानात छान वाटतो आणि दीड-दोन वर्षांत खड्डा पाडतो. रोजच्या वापराला निदान ३२ आणि शक्यतो ४०च्या आसपासचा घ्या. पाहुण्यांच्या खोलीला कमी चालेल.

दुकानदार सांगतो ती डेन्सिटी खरी आहे का, हे वजनावरून पडताळता येतं. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा, त्याला ६१,००० ने भागा आणि डेन्सिटीने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे फोमचं किलोमधलं वजन. ७८ बाय ६० बाय ६ इंचाची गादी घ्या: गुणाकार २८,०८०, भागाकार साधारण ०.४६. फोम ४०चा असेल तर वजन १८ किलोंच्या वर यायला हवं, ३२चा असेल तर पावणेपंधरा किलो, आणि २३चा असेल तर साडेदहा. कव्हरचे किलो-दोन किलो वेगळे. घरच्या वजनकाट्यावर गादी हातात धरून उभं राहा आणि आपलं वजन वजा करा, इतकं सोपं आहे.

हा हिशेब रिबाँडेड फोमला लागू पडत नाही. तो फोमच्या कातरणीचे तुकडे चिकटवून दाबलेला असतो, त्यामुळे वजनदार आणि कडक. चेन उघडली की रंगीबेरंगी ठिपक्यांवरून लगेच ओळखू येतो. खालचा आधाराचा थर म्हणून तो उत्तम, विशेषतः वजनदार माणसाला. पण वर इंचभर फोम लावून आत सगळा रिबाँडेड भरलेला असेल, तर ती गादी कुशीवर झोपणाऱ्याची नाही. उलट ईपीई नावाचा अगदी हलका, पांढरा, पॅकिंगमध्ये येतो तसला थर काही स्वस्त गाद्यांत आढळतो. तो दिसला तर पुढचं बोलणंच थांबवा.

स्प्रिंगमध्ये बोनेल आणि पॉकेट असे दोन प्रकार. बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हेलकावा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या खिशात असते आणि आपापली दबते. पती-पत्नींपैकी एकाची झोप हलकी असेल तर पॉकेटच घ्या.

लॅटेक्स रबराच्या चिकापासून बनतं. लवचीक, टिकाऊ, वजनदार आणि महाग. 'नॅचरल' लिहिलेलं असलं तरी त्यात नैसर्गिक चीक किती आणि कृत्रिम किती, हे लेखी विचारा. ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी हे टाळलेलं बरं.

खर्चाचा ढोबळ अंदाज असा: क्वीन मापात सहा इंची ठीकठाक फोमची गादी साधारण आठ-दहा हजारांपासून सुरू होते, आणि चांगली लॅटेक्स त्याच्या तिप्पट-चौपट जाते. पैसे कमी असतील तर जाडी कमी करा, डेन्सिटी कमी करू नका.

दुकानात

गर्दीच्या रविवारी जाऊ नका. सैल कपडे घाला, आणि जे झोपणार ते सगळे जा. आईला घरी ठेवून आईची गादी आणणं हीच आमची पहिली चूक होती. चपला काढून, तुम्ही घरी जसे झोपता तसेच दहा-पंधरा मिनिटं झोपा. बसून हाताने दाबून काहीच कळत नाही. आमच्यासारखी माणसं दुकानात आडवं व्हायला संकोचतात. तो संकोच सोडा, दुकानदाराला ह्याची सवय असते.

उताणं झोपून कमरेखाली हात घालून बघा. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक, घालताच आला नाही तर मऊ. थोडा घासून गेला तर ठीक. कुशीवर झोपणाऱ्याने सोबतच्या माणसाला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगावा: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जवळपास सरळ दिसली पाहिजे. मग कडेवर बसा. कड घसरगुंडीसारखी खचली तर म्हाताऱ्या माणसांना तिथून उठताना त्रास होईल.

आतल्या थरांचा कापलेला नमुना मागा आणि प्रत्येक थर कशाचा, किती इंचांचा, किती डेन्सिटीचा हे बिलावर किंवा कोटेशनवर लिहून घ्या. जो दुकानदार आनंदाने लिहून देतो तिथेच घ्या. घासाघीस अवश्य करा. छापील किंमत आणि शेवटची किंमत ह्यांत बरंच अंतर असू शकतं. 'मोफत' उशांपेक्षा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर (गादीवर चढवायचं संरक्षक कव्हर) मागून घ्या, तो जास्त कामाचा.

ऑनलाइन घेत असाल तर

तिथे झोपून बघता येत नाही, त्याऐवजी वापरून बघायला १०० रात्रींसारखी मुदत दिलेली असते. अटी शब्दन्‌शब्द वाचा. तुमच्या पिनकोडवरून ते गादी परत नेतात का, पैसे पूर्ण मिळतात की बदली माल, डाग पडला तर काय. पलंगाला बेतून खास मापात बनवलेली गादी बहुधा परत घेत नाहीत. डागावरून वाद नको म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर घाला.

गुंडाळून दाबून आलेली गादी आली की लवकर उघडा. पूर्ण फुलायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर कोपरे कमी-जास्त दिसले तर घाबरू नका. नव्या फोमचा वास काही दिवस येतो. खिडक्या उघड्या ठेवा. घरात दमेकरी असेल तर वास जाईपर्यंत ती खोली वापरू नये. फुलल्यावर माप आणि वजन दोन्ही घ्या.

बिल आणि हक्क

जीएसटीचं पक्कं बिल घ्याच. 'दहा वर्षांची वॉरंटी' ऐकून हुरळू नका. खड्डा किती खोल झाल्यावर ती लागू होते, किती वर्षांनंतर बदली गादीसाठी तुमच्याकडून टक्केवारीने पैसे घेतात आणि वाहतूक कोण भरतं, हे विचारा. डाग, फाटलेलं कव्हर आणि वाकलेला प्लाय ह्या कारणांनी दावा नाकारला जातो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथल्या तिथे घ्या.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलेलं असलं तरी सदोष मालाला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आधी लेखी तक्रार करा, फोटो जोडा. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. ऑनलाइन विक्रेत्यांनी तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असा २०२०चा नियम आहे.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे अंगाला नवी गादी परकी वाटते; तेवढा वेळ द्या. दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा. एकाच बाजूने वापरायची गादी असेल तर उलटी करू नका. कापसाच्या गादीला कडक ऊन हवंच, विशेषतः पावसाळ्याआधी. फोम आणि लॅटेक्सला मात्र ऊन दाखवू नका, ते पिवळे पडून भुरभुरतात. सावलीत वारा द्या. वापरलेली गादी कुणाकडून घेणार असाल तर शिवणी आणि कोपरे टॉर्चने तपासा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात, आणि ते एकदा घरात शिरले की पलंगासकट सगळं उपसावं लागतं.

आईसाठी शेवटी आम्ही चार इंच काथ्यावर दोन इंच लॅटेक्स अशी गादी घेतली. दुकानात ती स्वतः वीस मिनिटं डाव्या कुशीवर झोपली आणि मगच हो म्हणाली. जुन्या कापसाच्या गादीतला कापूस पिंजून त्याच्या दोन लहान गाद्या भरून घेतल्या. नातवंडं सुट्टीत आली की त्या हॉलमध्ये पसरतात.